विमान सुटेना

तीस वर्षं बस चालवून बाबा निवृत्त झाले आणि घरात बसून कंटाळले, म्हणून लेकीने त्यांना कॉम्प्युटरवरचं विमान आणून दिलं, जॉयस्टिक आणि वेग वाढवायच्या थ्रॉटलच्या दांड्यासकट. तो दांडा जोडताना तिच्या नाकी नऊ आले. सगळं उलटंच, पुढे ढकलला की विमान थांबायचं, मागे ओढला की सुसाट धावायचं! तीन तासांनी एकदाचा तो सुतासारखा सरळ आला.

बाबा ऐटीत बसले. खुर्ची पुढेमागे केली, आरसा नाही म्हणून कुरकुरले आणि दांड्यावर हात ठेवला. इंजिन घरघरत होतं, धावपट्टी मोकळी होती, पण पाच मिनिटं झाली तरी विमान जागचं हलेना. लेकीने घाईघाईने वायर काढून पुन्हा खोचली.

"बाबा, अडलंय कुठे? ढकला ना दांडा पुढे!"

"असा कसा ढकलू? थांब जरा," म्हणत बाबा सारखे मागे वळून बघत होते.


बावीस वर्षं त्यांच्याच बसवर कंडक्टर असलेली आई स्वयंपाकघरातून आली, हातातल्या पळीने तिने ताटावर दोनदा ठणठण वाजवलं, आणि विमान सुटलं.