सहा हजार पावलं

अकरावी शिंक आली आणि हेडमास्तरांची वरची कवळी तोंडातून उडून हिरवळीवर पडली.

सकाळी फिरायला येणारी निम्मी बाग तेव्हा तिथेच होती. काहींनी नजर वळवली, काहींना ते जमलं नाही. खुरपणी करत बसलेल्या माळ्याने कवळी उचलली, झारीच्या पाण्याने धुतली आणि सरांच्या हातावर ठेवली. हेडमास्तरांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोष झाडांचा होता. दरवर्षी या दीड महिन्यात बाग फुलायची, पिवळी भुकटी उडत राहायची आणि हेडमास्तरांचे डोळे चुरचुरायला लागायचे, नाकाला धार लागायची. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? एकतीस वर्षं कवायतीच्या तासाला त्यांनी एकाही मुलाची सबब ऐकून घेतली नव्हती. ‘नाक गळतंय? गळू दे. पाय तर गळत नाहीत ना?’ हे त्यांचं वाक्य शाळाभर प्रसिद्ध होतं. त्या गळक्या नाकांपैकीच एक आता त्यांचा डॉक्टर झाला होता. साखर वाढली म्हणून त्याने रोज सकाळी सहा हजार पावलं चालायला सांगितली होती. चालताना मनगटावर बांधायला एक घड्याळही दिलं होतं. पावलं, नाडी, सगळं त्यात नोंदलं जायचं आणि महिन्याने ते घेऊन त्याच्याकडे जायचं होतं.

“नाही चाललात तर इंजेक्शनं सुरू करावी लागतील, सर,” तो म्हणाला होता. तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोचं तोंड एवढंसं झालं होतं.

कवळी प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी माळ्याला बागेच्या फाटकाशी गाठलं आणि घड्याळ त्याच्या हातात ठेवलं.

“हे बांधून फिरत जा जरा. पाऊण तासाचा तर प्रश्न आहे.”

“मी? सर, मी दिवसभर एका जागी बसून खुरपतो.”

“मग चाल की थोडं. तब्येतीला बरं असतं.”

माळ्याने मान खाजवली. त्याची नात सरांच्या शाळेत शिकली होती. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

मग रोजचंच झालं. बागेसमोरच्या वाचनालयात खिडक्या बंद करून पेपर वाचायचा. सव्वासातला माळ्याकडून घड्याळ परत घ्यायचं, नळावर तोंड ओलं करायचं, बुटांवर चिमूटभर पिवळी भुकटी चोळायची आणि घर गाठायचं. पहिल्या दिवशी घड्याळात चारशे पावलं निघाली. दुसऱ्या दिवशी साडेतीनशे. हेडमास्तरांची पाचावर धारण बसली. पण तिसऱ्या दिवसापासून आकडा सहा हजारांच्या वर गेला तो गेलाच.

“काळजी नको, सर. होताहेत आता पावलं,” माळी म्हणाला. त्यांच्याकडे न बघताच म्हणाला. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला असायचा. तो सैल करून हेडमास्तर आपल्या मनगटावर चढवत.

घरी पोचावं, तर बायको दुधाची पिशवी घेऊन मागोमाग जिना चढत यायची. दोघांची पायताणं दाराशी शेजारी शेजारी, सारखीच पिवळी.

“किती झाली हो आज?”

“सहा हजार दोनशे.”

“तुमच्या पायांना मानलं पाहिजे,” ती म्हणायची आणि कठड्याला धरून क्षणभर उभी राहायची.

“दम लागला? बसून असतेस ना नुसती. चाल जरा माझ्यासारखी.”

ती हसायची. ते हसू बघून हेडमास्तरांना आपलीच लाज वाटायची. एकदोनदा सगळं सांगून टाकावं असंही मनात आलं. पण संध्याकाळी स्वतःच्या पोटऱ्या चोळत ती शेजारणीला कौतुकाने सांगत असायची, “आमच्या ह्यांनी एक दिवस चुकवलेला नाही.” मग ते मुकाट पेपर उघडून बसायचे.

महिना भरला. दोघं डॉक्टरकडे गेले. त्याने घड्याळ आपल्या यंत्राला जोडलं आणि पडद्यावरचे आकडे दोनदा वरखाली करून बघितले.

“सर, तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, साखर जागची हललेली नाही. पण ते राहू दे आता.” त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. “गेले दहा दिवस चालताना नाडी कशी अडखळतेय बघा. हृदय थकलंय. आजच्या आज दाखल व्हायचं. उद्यावर टाकलंत तर जिवावर बेतेल.”

बायकोचा रंग उडाला. मांडीवरची पर्स तिने घट्ट धरली. ‘माझ्या काळजीने,’ हेडमास्तरांच्या मनात आलं. मग एकदम आठवलं: माळी! आत्ता या क्षणी तो कुठल्यातरी वाफ्यात वाकला असेल. त्याचं हृदय थांबायला आलंय आणि आपण त्याला रोज पिटाळतोय. गप्प बसलं तर आपली अब्रू राहील, पण माणूस जाईल.

शिक्षा झालेल्या मुलासारखे ते उठून उभे राहिले.

“मी चाललो नाही. कवळी पडली त्या दिवसापासून एक दिवसही नाही. नाक गळत होतं, लोक हसत होते, म्हणून... घड्याळ मी माळ्याला बांधायला दिलं होतं. हे हृदय त्याचं आहे. त्याला बोलवा, लगेच.”

बायकोकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ते फरशीकडे बघत राहिले.

“फुलोऱ्याची ॲलर्जी ती, सर,” डॉक्टर हळूच म्हणाला. “रात्री एक गोळी आणि चालताना नाकावर ओला रुमाल. मला नुसतं सांगितलं असतंत तरी पुरे होतं.” त्याने फोन उचलला. “माळ्याचा नंबर?”

“त्यांना नका बोलवू,” बायको म्हणाली. “ते घड्याळ त्यांनी तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे आणून दिलं.”

आणि हातातली बांगडी वर सरकवून तिने आपलं बारीक मनगट डॉक्टरपुढे टेबलावर ठेवलं.