बिनतिखटाचा भात

शेजारच्या झुंबरबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं, तशी सोप्यात बसलेली पावणं मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

सकाळीच शालूबाईच्या नवऱ्याची, धोंडीरामची रक्षा सावडून सगळे परतले होते. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या बाया भाकरी-पिठलं करून आणतात, तशा टोपल्या इथंही आल्या होत्या. पण झुंबरबाईच्या पातेल्यात पांढराफटक, गिच्च भात होता. फोडणी नाही, तिखटाचा ठिपका नाही.

"ह्ये काय गं बाई?" कोडोलीहून आलेली शालूबाईची नणंद म्हणाली. "आजाऱ्याचं जेवण व्हय?"

झुंबरबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती शालूबाईकडं बघत होती. नवरा गेल्यापासून शालूबाईच्या पोटात चहाच्या घोटापलीकडं काही गेलं नव्हतं. लेकीनं विनवलं, नणंदेनं दटावलं. ती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिनं चार घास खावेत, एवढंच झुंबरबाईला हवं होतं. आणि ते आपल्या हातचे खावेत, हे म्हणायला मात्र तिची जीभ उचलत नव्हती.

तो भात एका पुस्तकातला होता. धोंडीरामच्या घशाचा कॅन्सर निघाला, रेडिएशनचे, म्हणजे विजेचे शेक सुरू झाले, तेव्हा लेक स्नेहल पुण्याहून इटालियन स्वयंपाकाचं मराठी पुस्तक घेऊन आली. "आई, यात सगळं मऊ हाय, तिखट कशातच न्हाय. बाबांना गिळता येईल." डॉक्टरांनी बजावलंच होतं, तोंडानं जेवण गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. धोंडीराम म्हणजे कीर्तनात बुवांच्या मागं उभा राहून ध्रुपद उचलणारा टाळकरी. बुवा दमले तरी हा दमायचा नाही. आणि घरी आला की भाकरीवर मिरचीचा खर्डा घेतल्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटायचं नाही. त्या माणसाला आता पाण्याचा घोटसुद्धा निखाऱ्यासारखा लागत होता.

शालूबाईनं घरातली लाल तिखटाच्या चटणीची बरणी उचलली आणि शेजारी झुंबरबाईकडं ठेवायला दिली. "त्यांच्या नजरंला पडाया नको." मग पुस्तक मांडीवर घेऊन ती एकेका पानावरचा पदार्थ करायला बसली. चव बघायला भजनी मंडळाच्या बाया यायच्या. त्यांची मतं रस्त्यापर्यंत ऐकू जायची.

"ह्यो तर आपला मऊ भात," चिमणाबाई म्हणायची. "ह्याला एवढं जाड पुस्तक लिवलंय?"

"आणि ह्या शेवया!" मोना तोंड वाकडं करायची. "गूळ न्हाय, तिखट न्हाय. जावयाला वाढल्या तर लेकीला म्हायेरीच ठेवून जाईल त्यो."

झुंबरबाईचं मत सगळ्यांच्या वरचढ. "शालू, त्या इटलीतल्या बायकांची चटणी कांडपावरनंच चोरीला गेलीया का गं?"

शालूबाई सगळ्यांबरोबर हसायची. "मला तर लई ग्वाड लागतंय बाई," म्हणायची. आणि खरंच, धोंडीरामच्या ताटासमोर आपलं ताट मांडून, तेच वाढून घेऊन, ती चवीनं जेवायची. तिचा घास बघून तो घास घ्यायचा.

मग ती सकाळ आली. शालूबाई औषधं आणायला निघाली होती. "झुंबर, त्यांना तेवढं वाढ गं." झुंबरबाईनं भाताची चव घेतली आणि तिचं काळीज गलबललं. धोंडीरामभावजींनी हे गिळायचं? ती घरी गेली आणि त्याच बरणीतली चिमूटभर चटणी आणून भातात ढवळली. मायेनंच ढवळली. एवढीशी चिमूट. कोल्हापूरच्या माणसाला तेवढ्यानं काय होतंय?

पहिल्याच घासाला धोंडीरामनं खाटेची कड घट्ट धरली. डोळ्यांतून धारा लागल्या. त्यानं घास थुंकला नाही; समोर झुंबरवहिनी उभी होती. कसाबसा गिळला. त्यानंतर मात्र त्यानं तोंड उघडलं नाही. पुढं नळीच बसली.

दुखणं आधीच पुढं गेलेलं, नळी आज ना उद्या लागणारच होती, असं डॉक्टर म्हणाले. शालूबाई तर काहीच म्हणाली नाही. पातेलं घासताना तिला चटणीचा वास आला होता, तिचा हात थांबलेला झुंबरबाईनं बघितला होता. पण एक शब्द नाही. तो न बोललेला शब्द झुंबरबाई कीर्तनालाही बरोबर घेऊन जायची. बुवा म्हणायचे, देव पोटात घालतो. देव घालील, शालू घालील का?

आज तिनं स्नेहलकडनं ते पुस्तक मागून नेलं होतं. जुन्या पळीला चटणीचा वास असेल म्हणून नवी काढली होती.

तिनं ताट शालूबाईपुढं ठेवलं. "शालू, पुस्तकात हाय तस्संच केलंय. हात राखेनं घासून धुतलं बघ. तिखटाचा कण न्हाय."

शालूबाईनं ताटाकडं बघितलं. मग सवयीनं समोर बघितलं, जिथं दुसरं ताट असायचं तिथं. तिनं एक घास तोंडात घातला. तिनं तो बराच वेळ घोळवला आणि कसाबसा गिळला.

"फिकं हाय गं, झुंबर."

"मीठ कमी पडलं का?"

शालूबाईनं मान हलवली. तिचे डोळे पहिल्यांदाच भरून आले.

"माझी बरणी आण जा. आता कुणाचं तोंड भाजणार हाय?"