थेंबभरसुद्धा नको

मुक्ताबाईंनी पितळेच्या वाटीत काढा ओतला, वाटी सुनेपुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तूच प्यायचा. राजारामच्या तोंडाला थेंबबी लागता कामा नये."

अंजनाला नवल वाटलं. त्या काळ्या, कडू पाण्याला तिच्या नवऱ्याने हात तरी लावला असता का? तिने नाक दाबून वाटी रिकामी केली. ती उठताना सासूबाईंनी तेच पुन्हा एकदा बजावलं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. उन्हाळ्यात दोघी सांगलीला जाऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी अंजनाला तपासलं, हिच्यात काही दोष दिसत नाही म्हणाल्या आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तो निरोप ऐकून राजाराम दोन वेळा जेवला नाही. सगळ्या पलुसात ज्याच्या उसाचं नाव निघतं, त्याला डॉक्टरला दाखवायचं म्हणजे काय? घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

निघाला तो वेगळाच. राजारामचे चुलते आण्णा कोरेगावला असत. त्यांनी आपल्या मेव्हण्याची मुलगी सुचवली. असं दुसरं लग्न आता कायद्यात बसत नाही म्हटलं, तर म्हणाले, कायदा मुंबईत आणि आपण पलुसात. मुक्ताबाईंनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. राजाराम हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. अंजनाला त्याचं ते गप्प राहणंच जास्त लागलं. सवत आली तर आपली जागा गोठ्यात, हे ती ओळखून होती.

दुसऱ्याच दिवशी चुलीवर काढा चढला. मुक्ताबाई चुलीला हळदकुंकू लावत, गोखरू आणि आसकंदाची, म्हणजे अश्वगंधेची, मुळी कुटून पाण्यात टाकत, पाणी आटू देत आणि पहिले चार थेंब विस्तवाला देत. उरलेला काढा अंजनाचा. मग त्या गोठ्याकडे जात आणि राजाराम चहा पिऊन रानात गेल्यावरच परत येत.

आता सुनेला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की ती कशाला, हा किडा डोक्यात वळवळायला लागतोच. अंजनाने चार वेळा विचारलं. सासूबाई नुसत्या "करू नको म्हणजे करू नको" म्हणत. शेवटी एकदा तांदूळ निवडता निवडता बोलल्या.

"बाप्याच्या पोटात ह्यो काढा गेला की त्यो बायकोच्या शब्दाभाईर जात न्हाई. रंगुबाईच्या नवऱ्याला बघ की."

शेजारच्या रंगुबाईचा नवरा, केरबा, साऱ्या गावाच्या चेष्टेचा विषय होता. कडेवर पोर आणि हातात घागर घेऊन बायकांच्या घोळक्यातून विहिरीवर जाणारा पुरुष दुसरा नव्हता. पूर्वी तो असा नव्हता, रंगुबाईवर हात उचलायचा, हेही अंजनाला माहीत होतं.

"रंगुबाईनं पाजला व्हय?"

"मी काय बगाय गेले हुते?" मुक्ताबाईंनी सूप उचललं. "तू आपली गुमान पीत जा."

त्या रात्री अंजनाला झोप आली नाही.

सकाळी सासूबाई गोठ्याकडे वळल्या तशी तिने वाटी उचलली. आदल्या वर्षीच्या भूकंपात फडताळातल्या साऱ्या कपबश्या फुटल्या होत्या. राजारामचा मोठा कप तेवढा कान तुटून वाचला होता. तिने काढा त्यात ओतला आणि वरून गुळाचा, गवती चहा घातलेला दाट चहा भरला. नवऱ्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळा कप संपवला.

"कडक झालाय," एवढंच तो म्हणाला.

दुपारी मुक्ताबाई सहज बोलल्याप्रमाणे म्हणाल्या, "चहात आलं जरा जास्त ठेचत जा. पावसाळी हवा हाय."

मग ते रोजचंच झालं. सासूबाई परत आल्या की वाटी उचलून बघत आणि न बोलता घासायला टाकत. अंजनाला फसवणुकीची लाज वाटे, पण गुण दिसत होता. राजाराम रानातून लवकर परतू लागला होता. एकदा तर तिच्यासाठी बाजारातून पेरू घेऊन आला. गणपतीत आण्णा कोरेगावाहून आले, तेव्हा त्याने चुलत्याला तोंडावर सांगितलं, "मला दुसरी बायकू करायची न्हाई." चहात जादू होती खरी, असं अंजनाने मनाशी पक्कं केलं आणि मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं.

दिवाळीच्या करंज्या तळायला दोघी बसल्या आणि तेलाच्या वासाने अंजना तोंड दाबून परसात पळाली. परत आली तेव्हा मुक्ताबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, कढई उतरवली आणि देवापुढे साखर ठेवली. दुसरा महिना होता.

आता मात्र अंजनाला राहवेना. सासूबाई सगळं श्रेय काढ्याला देणार, आणि आपण तर सुरुवातीचे काही दिवस सोडले तर तो प्यालोच नाही. तिने त्यांचे पाय धरले.

"आत्याबाई, म्या काढा पितच नव्हते. तुमी बजावून सांगितलंत, तरी म्या त्यो ह्यांना चहातनं पाजत हुते. श्रावणापास्नं."

मुक्ताबाईंनी फडताळातली राहिलेली मुळी काढली, फडक्यात बांधली आणि ते गाठोडं सुनेच्या हातात दिलं.

"रंगुबाईच्या धाकल्या जावंला नेऊन दे. तिचाबी पाळणा रिकामाच हाय," त्या म्हणाल्या. "आन् नवऱ्याला थेंबबी लागू देऊ नको, आसं दोनदा सांग. येकदा सांगून बायका ऐकत्यात."