चादरीपुढची खुर्ची

“कुबडी काखेत नीट दाबून धर, बळवंत. लोक बघतायत,” क्लबचे सेक्रेटरी देसले सर पुटपुटले.

बळवंत गावच्या हॉकी क्लबचा गोलकीपर. गेल्या वर्षी त्याचा पाय मोडला, त्याच्यासाठी मैदानाभोवती चादर फिरली आणि जन्मात कधी तिकीट न काढणाऱ्यांनीही तिच्यात नोटा टाकल्या. त्याच्या उपचारातून उरलेल्या पैशांवर बंद पडायला आलेला क्लब तगला. पाय केव्हाच जुळला होता, पण सरांनी त्यावर पुन्हा प्लास्टर चढवलं. “हॉकी बघायला काळं कुत्रं फिरकत नाही. तुझा पाय बघायला येतात. दुसरं काही मिळेपर्यंत निभावून ने.”

तेव्हापासून दर सामन्याला बळवंत खुर्चीत बसून रिकाम्या गोलपोस्टकडे बघावं तसा आपल्या जागी उभ्या पोराकडे बघायचा. पण लोकांचा कळवळा आता आटला होता. आज मध्यंतरात चादरीत नुसती चिल्लर पडली.

सामना पुन्हा सुरू झाला आणि काड्कन आवाज आला. बळवंतनेच लहानपणी हातात स्टिक देऊन खेळायला शिकवलेला इरफान नडगी धरून गुरासारखा ओरडत होता. बळवंत उठायला गेला, तर सरांनी त्याचा खांदा दाबला.

“बस खाली. उद्या प्लास्टर काढ. सुटलास तू.”

बळवंतने घाईघाईने टॉवेलात तोंड खुपसलं. हसू काही केल्या आवरेना. त्याचे गदगदणारे खांदे बघून बायका डोळे पुसू लागल्या आणि चादरीत नोटांचा पाऊस पडला.