मुलीचा रकाना

"ताई, तुमचा कागद सकाळीच हिच्या नवऱ्याच्या वकिलांकडे गेला," आश्रयगृहाच्या मावशी समोर शिवणात गुंतलेल्या बाईकडे बोट करत म्हणाल्या. "हाताने लिहून माझी बोटं मोडायची. आता कसं, बटण दाबलं की झालं."

संगणकाचं काम बघणारी ताई हसली. एकेका बाईची जन्मकुंडलीच त्या यंत्रात होती. कोर्टाला हवे होते चार रकाने. तेवढेच उचलून साध्या मजकुरात उतरवायचे, असा प्रोग्राम तिने लिहिला होता. नाव, वय, दुखापत, मुलगी. पत्ता तिने स्वतः वगळला होता. दोनदा तपासून.

सहज म्हणून तिने कागद उघडला. तीन रकाने एकेका ओळीत संपले. चौथा संपेना.

मुलगी म्हणजे यंत्राला एक शब्द नव्हता, तिची आत वेगळी नोंद होती. ताईने प्रोग्राममध्ये नुसतं "मुलगी" लिहिलं होतं आणि प्रोग्रामने निमूटपणे आतलं सगळं लिहून काढलं. वय सात. शाळेचं नाव. दुसरी, तुकडी ब. सुटण्याची वेळ साडेतीन.

तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

ताईने मान वर केली. समोरच मुलीची आई फ्रॉकची दुमड उसवत बसली होती.

"असं काय बघताय, ताई? वाढलीय हो ती. किती वेळा नवे शिवू?"

ताईने शाळेला फोन लावला. आईलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला.

"तिचे वडील बसलेत ना इथे," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "कागद दाखवला त्यांनी, तुकडीसकट. आम्ही उगीच कुणाबरोबरही मुलं सोडत नाही."

"तिला सोडू नका. पाया पडते."

"सोडतोय कुठे? बाकाचा पाय धरून बसलीय, हात सुटेना. पहिल्यापासून हट्टी आहे का हो?"

आईने फ्रॉक खाली ठेवला. फोनशी वाकून, पलीकडे कुणी झोपलं असावं इतक्या हळू ती म्हणाली, "हो बाई, फार हट्टी आहे. ओढू नका तिला. मी येतेय."

ती अनवाणीच जिना उतरली. मावशी तिच्या मागे धावल्या.

ताई फोनजवळ उभी राहिली. पलीकडे आता कुणी बोलत नव्हतं. फरशीवरून बाक सरकत होतं, थोडं थांबत होतं, पुन्हा सरकत होतं.