तंबोऱ्यावरचा टॅक्स

कस्टम्सचा अधिकारी फोनवर म्हणाला, "मॅडम, हे वाद्य परत जाणार असेल तर टॅक्स माफ. इथेच राहणार असेल तर भरावा लागेल. शिवाय आत पुरुषाचे कपडेही आहेत."

अनुजाला काहीच उमगेना. ज्या तंबोऱ्याला बाबा कुणाला हात लावू देत नसत, तो त्यांनी न सांगता-सवरता सिंगापूरला पाठवलाच कसा? आणि गुंडाळायला काय, तर स्वतःचे सदरे?

तिने साताऱ्याला फोन लावला. "बाबा, तंबोरा इथे तात्पुरता आलाय की कायमचा?"

बाबा जरा घुटमळले. "त्याच्या मागोमाग मीही येतोय गं. तात्पुरता की कायमचा, ते जावईबापूंना विचारून सांग."