गोळ्यातली रिकामी खुर्ची

गोळ्यात खुर्ची रिकामी होती.

खिडकी होती. तिचे गज धनुष्यासारखे वाकलेले. खाट होती, खाटेवरची पट्ट्यापट्ट्यांची चादर होती. दार होतं. दाराच्या खिळ्याला टांगलेली छत्री होती, करंगळीच्या नखाएवढी. आणि अगदी मधोमध, जिथे प्रभाकर बसतो तिथे, नुसती खुर्ची. तिची पाठ. पाठीच्या पट्ट्या.

चारुलताने कागद उजेडात धरला. नवऱ्याने काल काढलेल्या चित्राचा कागद शेजारी ठेवला. मग परवाचा.

खुर्ची. खुर्ची. खुर्ची.

न्हाणीत बादली भरत होती. प्रभाकर अजून आत होता. ती पटकन त्याच्या जागेवर जाऊन बसली. समोर टेबलावर, पांढऱ्या कागदावर, बेअरिंगमधला पोलादी गोळा. लिंबाएवढा. आत ती स्वतः. फुगलेलं नाक, काडीसारखे हात. मान डावीकडे नेली, तरी तीच. खाली वाकली, तरी तीच. त्या गोळ्यासमोर बसून स्वतःला चुकवता येत नव्हतं.

मग ह्यांनी कसं चुकवलं?

बेअरिंगच्या कंपनीला टाळं लागल्यापासून प्रभाकर बोलत नव्हता. म्हणजे बोलायचा. हो. नाही. भूक नाही. सकाळी खिडकीतून उजेड आला की पेन्सिल घेऊन बसायचा. आधी वर्तुळ. मग गोळ्यावरची काळोखी. ती कडेला नाही, कडेपासून जरा आत, कारण अगदी कडेवर खालच्या कागदाचा उजेड चढतो. एक ठिपका कोराच सोडायचा. तिथे गोळा चमकायचा. बुडाशी काळीकुट्ट रेघ, आणि तिथून टेबलावर पसरत, विरत जाणारी सावली. इतकं खरं, की बोट लावलं तर गार लागेल.

सगळं खरं. फक्त माणूस नाही.

कंपनीत तो नेमकं काय करतो हे चारुलताने कधी विचारलं नव्हतं. "आमचे हे आर्टिस्ट आहेत," एवढं सांगितलं की आळीतल्या बायका पुढचं विचारायच्या नाहीत.

तिने आजचा कागद पदराआड घेतला आणि जिना उतरली. घरमालकीण कुशाबाई ओट्यावर शेंगा निवडत होती.

"अगं बया! हुबेहूब तुमची खोली की गं. ही खाट. ही छत्री." कुशाबाईने कागद डोळ्यांजवळ नेला. "आन त्यो कुठं हाय?"

"तेच तर."

"काढायचा ऱ्हायला आसंल."

"रोज राहतो?"

कुशाबाईचा हात सुपातच थांबला. कंपनीतल्या पॉलिश खात्याच्या मुरारीला गेल्याच आठवड्यात फाटकवाल्याने रुळांवरून ओढून काढलं होतं. गाडी समोर दिसत होती. तोही टाळं लागल्यापासून हो-नाही एवढंच बोलायचा. त्याचं नाव दोघींपैकी कुणीच घेतलं नाही.

"येकट्याला सोडू नगं," कुशाबाई म्हणाली. "जा. वर जा आदी."

वर प्रभाकर इस्त्रीचा शर्ट घालून चपला शोधत होता.

"कुठे?"

"जरा स्टेशनकडे."

"कशाला?"

"येतो गं."

चारुलता दारात उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"चारू, हो बाजूला."

"नाही."

"अगं, पण..."

"तुम्ही ह्यात का नाही?" पदराआडचा कागद बाहेर आला. "खाट काढलीत. मेली छत्रीसुद्धा काढलीत. तुम्ही कुठे आहात? बसता ना तिथे रोज? मग खुर्ची रिकामी का? सांगा. सांगितल्याशिवाय पायरी उतरायची नाही."

तिचा आवाज फाटला. प्रभाकरने कागद घेतला. कागदाकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. पुन्हा कागदाकडे.

मग तो हसला. आधी नाकातून. मग खुर्चीत बसून, पोट धरून. टाळं लागल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं, कंपनीत मी करतो काय? फोटोंवर ब्रश फिरवतो. चकचकीत माल. त्यात कॅमेरा घेऊन उभा असलेला दौलतराव दिसतोच दिसतो. कधी त्याचं पोट, कधी टक्कल. कॅटलॉग छापायच्या आधी त्याला पुसायचा आणि मागची भिंत भरायची. नोकरीला लागल्यापासून मी दौलतरावालाच पुसतोय! बेअरिंगमधून माणूस बघायला लागला तर ती विकत घेणार कोण?"

"पण हे चित्र आहे ना?"

"नमुना आहे. तळेगावला एक नवी कंपनी उघडलीय. त्यांना फोटो सुधारणारा हवाय, आज भेटायला बोलावलंय. ह्यात माझं डोकं दिसलं असतं तर म्हणाले असते, ह्याला स्वतःचं डोकंसुद्धा पुसता येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

प्रभाकरचं हसू जरा उतरलं. "नाही जमलं तर? माझं एकट्याचं तोंड पडलेलं पुरे होतं."

चारुलता उंबऱ्यावर मटकन बसली. रडू आलं, ते अर्ध्यावर हसणं झालं, मग पुन्हा रडू. पदर नाकाला लागला. खालून कुशाबाई ओरडली, "काय झालं गं? कोन हसतंय?"

"हेच!" ती ओरडली. "हेच हसतायत, कुशाबाई!"

लांबून पुण्याकडच्या बाजूने शिट्टी ऐकू आली.

चारुलता ताडकन उठली. टेबलावरचे कागद तिने गोळा केले, त्यांची गुंडाळी केली, त्याच्या बगलेत कोंबली, आणि दोन्ही हात त्याच्या पाठीला लावून त्याला जिन्याकडे ढकललं.

"मग बसून काय राहिलात? पळा की! गाडी चुकेल!"